उत्पत्तीच्या पहिल्या सहा अध्यायांतील कोडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिब्रू धर्मग्रंथाचे पहिले पुस्तक म्हणजे उत्पत्ती. त्याच्या पहिल्या सहा अध्यायांत जगाची निर्मिती, पहिला पुरुष आदाम आणि पहिली स्त्री हव्वा, एदेन बाग, त्यांचे मुलगे काइन आणि हाबेल, दीर्घायुषी पूर्वजांची वंशावळ आणि जलप्रलयाच्या आधीचे बिघडत गेलेले जग एवढे सगळे येते. मजकूर थोडका आहे, पण त्यात अडखळायला लावणाऱ्या जागा पुष्कळ आहेत, आणि दोन हजार वर्षांहून अधिक काळ ज्यू, ख्रिस्ती आणि अलीकडच्या शतकांत निखळ अभ्यासक म्हणून आलेले वाचक त्याच जागांवर थांबत आले आहेत. पुढील उत्तरे देताना मी एक शिस्त पाळली आहे. आधी मजकुरात प्रत्यक्ष काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही ते पाहायचे, मग जुन्या वाचकांनी ते कसे समजून घेतले ते पाहायचे, आणि स्वतःचे मत त्यानंतरच मांडायचे. घाईने बुजवून टाकलेल्या विसंगतीतून काहीच शिकायला मिळत नाही, असे मला मनापासून वाटते.

मनुष्याच्या निर्मितीच्या दोन वेगवेगळ्या कथा का आहेत?

कारण त्या खरोखरच दोन आहेत. पहिली कथा उत्पत्ती १:१ पासून २:३ पर्यंत चालते आणि दुसरी २:४ च्या मध्यापासून सुरू होते. पहिलीत तिसऱ्या दिवशी वनस्पती, पाचव्या दिवशी जलचर व पक्षी आणि सहाव्या दिवशी आधी जमिनीवरचे प्राणी व मग मनुष्य, तोही नर आणि नारी असा एकदमच, निर्माण होतो. दुसरीत शेतात झुडूपही उगवलेले नसताना पुरुष घडवला जातो, मग बाग लावली जाते, मग त्याच्यासाठी जोडीदार शोधताना पशुपक्षी घडवले जातात आणि सर्वांत शेवटी स्त्री येते. मराठी बायबल वाचणाऱ्यालाही एक खूण डोळ्यांनी दिसते: पहिल्या कथेत निर्मात्याला सर्वत्र नुसते ‘देव’ म्हटले आहे, तर दुसरीत ‘परमेश्वर देव’ असा जोडउल्लेख सुरू होतो. मूळ हिब्रूतही नेमका हाच बदल आहे.

परंपरेने यावर दिलेले उत्तर असे की दुसरी कथा ही पहिल्या कथेतील सहाव्या दिवसाचा तपशील आहे. अकराव्या शतकातील फ्रान्समधील थोर भाष्यकार राशी हेच सांगतो. काही आधुनिक भाषांतरे २:१९ मध्ये ‘देवाने पशू घडवले होते’ असा पूर्वभूतकाळ घालून क्रमाचा पेच सोडवतात, पण तेथील हिब्रू वाक्याची सरळ वाट ‘आणि मग घडवले’ अशीच आहे. १७५३ साली फ्रेंच वैद्य झाँ आस्त्रुक याने निनावी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात देवाच्या नावांतील फरक धरून असे सुचवले की मोशेने (परंपरेने या पुस्तकाचा लेखक मानलेल्या संदेष्ट्याने) उत्पत्तीचे पुस्तक रचताना जुन्या लिखित स्रोतांचा वापर केला असावा. पुढच्या शतकात युलियस वेलहाउसेन आणि इतर जर्मन अभ्यासकांनी या धाग्यावर मोठी इमारत उभी केली. त्या इमारतीच्या अनेक खोल्यांबद्दल आज वाद आहेत, मात्र पहिली आणि दुसरी कथा वेगवेगळ्या हातांची आहे याबद्दल अभ्यासकांत फारसा मतभेद उरलेला नाही.

मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते संकलकाचे वागणे. ज्याने या कथा शेजारी ठेवल्या त्याला क्रमातला फरक दिसला नसेल, हे संभवत नाही. तरीही त्याने एकीला दुसरीच्या मापाने कापले नाही. पहिलीतला देव आज्ञा करतो आणि सृष्टी उभी राहते. दुसरीतला मातीत हात घालतो, नाकपुडीत श्वास फुंकतो आणि संध्याकाळच्या वाऱ्यात बागेत फिरतो. दोन्ही चित्रे हवीत, असा त्याचा निर्णय होता.

सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर पहिल्या तीन दिवसांचा उजेड कोठून आला?

हा प्रश्न आधुनिक विज्ञानाने उपस्थित केलेला नाही. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती विद्वान ओरिजेन याने स्पष्ट विचारले होते की सूर्य, चंद्र आणि तारे नसताना पहिला, दुसरा व तिसरा दिवस झाला असे कोणता सुज्ञ मनुष्य मानेल. त्याच्या मते असे प्रसंग अक्षरशः घ्यायचे नसतात, हे कळावे म्हणूनच ते तेथे आहेत.

रचना पाहिली की चौथ्या दिवसाची जागा समजते. पहिल्या तीन दिवसांत प्रदेश तयार होतात: उजेड व अंधार, आकाश व जल, कोरडी जमीन. पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने त्यांतील रहिवासी येतात: ज्योती, मग पक्षी व मासे, मग भूचर व मनुष्य. शिवाय चौथ्या दिवशी सूर्य आणि चंद्र यांची नावेच घेतलेली नाहीत; ‘मोठी ज्योती’ आणि ‘लहान ज्योती’ एवढेच म्हटले आहे. सूर्याचे हिब्रू नाव आणि बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सूर्यदेवाचे नाव एकाच मुळातले आहे, आणि शेजारची राष्ट्रे ज्यांची पूजा करत त्यांना येथे दिवस व ऋतू मोजण्याच्या साधनांचे काम दिले आहे. उजेड त्यांच्यावर अवलंबून नाही, हे लेखकाला मुद्दाम सांगायचे आहे. ‘दिवस’ म्हणजे लक्षावधी वर्षांचे युग, अशी तोड काहीजण काढतात. पण ‘संध्याकाळ झाली व सकाळ झाली’ हे पालुपद सहाही दिवसांना जोडलेले असताना ती टिकत नाही. लेखकाच्या मनात साधा दिवसच आहे, आणि ते दिवस शब्बाथाने, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसाने, संपणाऱ्या आठवड्याच्या घडणीसाठी आहेत.

‘आपण मनुष्य निर्माण करू’ या वाक्यातील ‘आपण’ कोण?

मराठी वाचकाला आधी आदरार्थी बहुवचनाची आठवण होते, पण तो मार्ग येथे फारसा उपयोगी नाही; हिब्रू ग्रंथांतील राजे स्वतःबद्दल बोलताना सहसा एकवचनच वापरतात. ख्रिस्ती परंपरेने या वाक्यात त्र्यैक्याची, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा एकाच देवाची, चाहूल पाहिली. मूळ श्रोत्यांच्या मनात मात्र बहुधा स्वर्गातील दरबार असावा. १ राजे या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात मीखाया संदेष्टा देवाला सिंहासनावर बसलेला व स्वर्गीय सेना त्याच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली पाहतो. ईयोबाच्या पुस्तकाची सुरुवात अशाच दरबारात होते. आणि यशया ६ मध्ये देव ‘मी कोणाला पाठवू? आमच्यासाठी कोण जाईल?’ असे एकाच श्वासात विचारतो.

राशी म्हणतो की देवाने देवदूतांशी विचारविनिमय केला, आणि थोराने लहानांना विचारावे ही नम्रता त्यातून शिकायची. लगेचच्या वचनात मात्र ‘देवाने मनुष्य निर्माण केला’ असे एकवचन आहे, याकडेही तो लक्ष वेधतो: सल्ला अनेकांशी, निर्मिती एकाची. उत्पत्तीवरील प्राचीन मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) भाष्यसंग्रहात, एक सुंदर प्रसंग आहे. मोशे हे वाक्य लिहिताना थांबतो आणि चुकीचा अर्थ काढणाऱ्यांना आपण निमित्त का द्यावे, असे देवाला विचारतो. देव उत्तर देतो, तू लिही. ज्याला चुकायचे आहे तो चुको. अडचण लपवण्यापेक्षा ती जशीच्या तशी ठेवण्याचे हे धैर्य मला फार मोलाचे वाटते.

देवाला रूप नाही, तर मनुष्य त्याच्या ‘प्रतिरूपात’ कसा?

या प्रश्नावर एका पुतळ्याने बराच प्रकाश टाकला. १९७९ साली उत्तर सीरियातील तेल फेखेरिये येथे बसाल्ट दगडाचा, माणसाच्या उंचीचा एक पुतळा सापडला. तो इसवी सनपूर्व नवव्या शतकातला असल्याचे सामान्यतः मानले जाते, आणि त्याच्या वस्त्राच्या भागावर एकच लेख अश्शूरी व अरामी अशा दोन भाषांत कोरलेला आहे. हा पुतळा गूझान प्रदेशाच्या शासकाचा. अरामी लेखात पुतळ्यासाठी जे दोन शब्द आलटूनपालटून येतात, त्यांचेच हिब्रू सख्खे भाऊ उत्पत्ती १:२६ मध्ये ‘प्रतिरूप’ आणि ‘सदृश’ म्हणून येतात. म्हणजे ज्याने हे वचन लिहिले त्याच्या भाषेच्या परिसरात ही जोडी राजाच्या पुतळ्यासाठी सहज वापरली जात होती. राजा जेथे स्वतः नसे तेथे त्याचा पुतळा त्याच्या सत्तेची खूण म्हणून उभा राही. मिसरात (इजिप्तमध्ये) फारो, म्हणजे तेथील राजे, स्वतःला देवाची प्रतिमा म्हणवून घेत. तुतानखामुन या नावाचाच अर्थ ‘आमोनची जिवंत प्रतिमा’ असा आहे.

हे लक्षात घेतले की उत्पत्तीतील विधानाचे वेगळेपण कळते. जी पदवी राजाची होती ती येथे प्रत्येक मनुष्याला, आणि स्पष्ट शब्दांत नर व नारी या दोघांनाही, दिली आहे. चेहरामोहरा किंवा बुद्धी यांपेक्षा सोपवलेली जबाबदारी, म्हणजे पृथ्वीवर देवाच्या वतीने कारभार पाहणे, हा अर्थ लगेच पुढे येणाऱ्या ‘सत्ता चालवा’ या आज्ञेशी जुळतो. त्या कारभाराची मर्यादाही तेथेच आहे: १:२९ मध्ये मनुष्याला अन्न म्हणून धान्य व फळेच दिली आहेत, आणि मांस खाण्याची परवानगी जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात, प्रथम मिळते.

मातीपासून मनुष्य, ही कल्पना बाबेलकडून घेतली आहे का?

कल्पना सर्व मेसोपोटामियाला, म्हणजे आजच्या इराकच्या परिसराला, ठाऊक होती. अत्राहासिस या अक्कडी काव्यात कनिष्ठ देव कालवे खणून थकतात व बंड करतात. तेव्हा एका देवाला मारून त्याचे रक्त मातीत कालवले जाते आणि मनुष्य घडवला जातो, तो देवांचे कष्ट उचलण्यासाठी. या काव्याच्या उपलब्ध मृत्तिका-पाट्यांतील महत्त्वाची प्रत इसवी सनपूर्व सतराव्या शतकातली आहे, म्हणजे ती उत्पत्तीच्या मजकुराहून कितीतरी जुनी. पुढे त्याच काव्यात जलप्रलयही येतो, तेव्हा दोन्ही परंपरांचा संबंध नाकारण्यात अर्थ नाही. फरक मातीत काय मिसळले यात आहे. एदेनच्या कथेत रक्ताच्या जागी श्वास आहे, आणि मनुष्य बागेची मशागत करतो ती देवांचे पोट भरण्यासाठी नव्हे. तो स्वतःच तिची फळे खातो.

स्त्री खरोखर फासळीपासून घडली का, आणि पुरुषाला एक फासळी कमी असते का?

दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे: नाही. स्त्री आणि पुरुष दोघांनाही सामान्यतः फासळ्यांच्या बारा जोड्या असतात. १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शरीररचनेच्या ग्रंथात आंद्रेआस व्हेसालियस याने हा समज खोडून काढला. तसेही वडिलांची गेलेली फासळी मुलांकडे कमी का यावी, हे कथेत कोठेही म्हटलेले नाही.

पहिला भाग अधिक रोचक आहे. येथे वापरलेला हिब्रू शब्द ‘त्सेला’ ग्रंथात इतरत्र अनेकदा येतो, पण मानवी हाडासाठी असा तो येथेच. निर्गम २५ मध्ये कराराच्या कोशाच्या (इस्राएली लोकांच्या पवित्र पेटीच्या) एका ‘बाजूला’ दोन कड्या लावायच्या आहेत, तेथे हाच शब्द आहे. शलमोनाच्या मंदिराच्या बाजूच्या खोल्यांसाठीही तोच. शिवाय आदाम जागा झाल्यावर ‘माझ्या हाडातले हाड व मांसातले मांस’ म्हणतो, फक्त हाड म्हणत नाही. मिद्राशात आणि ताल्मुदात (रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथात) म्हणूनच असे मत नोंदवले आहे की पहिला मनुष्य दोन तोंडांचा, पाठीला पाठ लागलेला असा घडवला होता आणि देवाने त्याचे दोन भाग करून एका बाजूपासून स्त्री केली. या वाचनाने पहिल्या कथेतील ‘नर व नारी अशी ती निर्माण केली’ या वाक्याशीही मेळ बसतो, आणि ‘ती दोघे एकदेह होतील’ या पुढच्या वचनाला वजन येते.

फासळीच्या बाजूने एक जुना पुरावा पुढे केला जातो. दिल्मुन नावाच्या भूमीच्या सुमेरी (प्राचीन दक्षिण मेसोपोटामियाच्या) कथेत एन्की देवाची आठ अंगे दुखू लागतात आणि प्रत्येकासाठी एक देवता जन्म घेते. फासळीसाठी आलेल्या देवतेचे नाव निन्ती. सुमेरीत ‘ती’चा अर्थ फासळीही होतो आणि जीवन देणेही, आणि हव्वेला ‘सर्व जिवंतांची आई’ म्हटले आहे. योग विलक्षण आहे, पण सुमेरी कथेपासून हिब्रू लेखकापर्यंतचा रस्ता कोणी दाखवून दिलेला नाही, म्हणून मी त्यावर फार भार टाकणार नाही.

आदामाची पहिली पत्नी लिलिथ होती का?

उत्पत्तीत लिलिथचे नावही नाही. यशया ३४:१४ मध्ये ओसाड झालेल्या अदोम देशात वावरणाऱ्या प्राण्यांत वा भुतांत हा शब्द एकदा येतो, तेवढाच. आदामाशी भांडून निघून गेलेल्या पहिल्या पत्नीची गोष्ट मध्ययुगातील ‘बेन सिराची अक्षरमाला’ या हिब्रू लेखनात आढळते. तिच्या मुळाशी वर सांगितलेलीच अडचण आहे: पहिल्या अध्यायात स्त्री आधीच निर्माण झाली असेल, तर दुसऱ्या अध्यायात पुन्हा कोण घडली?

एदेन बाग कोठे होती?

दुसऱ्या अध्यायात एका नदीला चार फाटे फुटतात. हिद्देकेल म्हणजे तैग्रिस आणि फरात म्हणजे युफ्रेटिस, याबद्दल वाद नाही. पीशोन आणि गीहोन यांचा मात्र पत्ता लागत नाही. पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार योसेफस याने पीशोन म्हणजे भारताकडे जाणारी गंगा आणि गीहोन म्हणजे नाईल असे लिहिले. राशीच्या मते पीशोन हीच नाईल. आधुनिक काळात आर्मेनियाच्या डोंगरांपासून इराणच्या आखातापर्यंत अनेक जागा सुचवल्या गेल्या आहेत. गंगा, नाईल, तैग्रिस आणि युफ्रेटिस एका उगमातून निघणे भूगोलात अशक्य आहे, आणि मला वाटते लेखकालाही नकाशा द्यायचा नव्हता. ज्ञात जगाला पाणी पुरवणारे सर्व मोठे प्रवाह एकाच बागेतून येतात, हे त्याचे विधान आहे.

ते फळ सफरचंद होते का, आणि सर्प म्हणजे सैतान का?

देवाने मना केलेल्या झाडाचे जे फळ सर्पाच्या सांगण्यावरून आदाम व हव्वा यांनी खाल्ले, त्याला मजकुरात फक्त ‘फळ’ म्हटले आहे. ताल्मुदात तीन मते आहेत: रब्बी मेईर द्राक्षवेल म्हणतो, रब्बी नहेम्या अंजीर आणि रब्बी यहूदा गहू. अंजिराची बाजू बळकट आहे, कारण लगेच पुढे दोघे अंजिराचीच पाने शिवून नेसतात. सिस्टीन प्रार्थनागृहाच्या छतावर मायकेलअँजेलोने अंजिराचे झाड रंगवले, तर ड्यूररच्या १५०४ सालच्या कोरीव चित्रात सफरचंद आहे. सफरचंदाचा समज पश्चिम युरोपात पसरला. लॅटिनमध्ये ‘वाईट’ आणि ‘सफरचंद’ यांचे शब्द जवळजवळ सारखे असणे हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

सर्पाबद्दल ‘परमेश्वर देवाने केलेल्या सर्व वनचरांत तो धूर्त होता’ एवढेच म्हटले आहे. तो प्राण्यांपैकी एक आहे, आणि त्याला मिळालेला शाप, पोटाने चालणे व माती खाणे, प्राण्याचाच आहे. सैतानाशी त्याची सांगड नंतरची आहे: ‘शलमोनाचे ज्ञान’ या ग्रीक ज्यू ग्रंथात मृत्यू सैतानाच्या मत्सरामुळे जगात आला असे म्हटले आहे, आणि नव्या करारातील प्रकटीकरणात ‘जुनाट साप’ हा सैतान असल्याचे स्पष्ट आहे. हे नंतरचे वाचन श्रद्धेने स्वीकारणाऱ्यांचा मी आदर करतो. मात्र तिसरा अध्याय ते स्वतः सांगत नाही, हेही नोंदवले पाहिजे.

‘ज्या दिवशी खाशील त्या दिवशी खास मरशील’, पण आदाम ९३० वर्षे जगला. मग देव खोटे बोलला का?

सर्पाने नेमके हेच सुचवले होते, म्हणून या प्रश्नाने वाचक नेहमीच अस्वस्थ झाले. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील जुबिलींच्या पुस्तकाचे, म्हणजे उत्पत्तीची कथा पुन्हा सांगणाऱ्या ज्यू ग्रंथाचे, उत्तर कल्पक आहे: देवाजवळ हजार वर्षे एका दिवसासारखी आहेत, आदामाला हजाराला सत्तर वर्षे कमी पडली, म्हणजे तो त्याच ‘दिवशी’ मेला. दुसऱ्या परंपरेनुसार त्या दिवशी तो मर्त्य झाला, कारण जीवनाच्या झाडाची वाट बंद झाली. ख्रिस्ती धर्मशास्त्र आत्मिक मरणाबद्दल बोलते.

मला सर्वाधिक पटणारा खुलासा हिब्रू ग्रंथातच, १ राजे २ मध्ये, आहे. शलमोन राजा शिमी नावाच्या माणसाला यरुशलेमात घर बांधून राहण्याची आज्ञा करतो आणि म्हणतो, ज्या दिवशी तू बाहेर पडून किद्रोन ओहोळ ओलांडशील त्या दिवशी तू खास मरशील, हे पक्के समज. तीन वर्षांनी शिमीचे दोन दास गथच्या राजाकडे पळून जातात. शिमी गाढवावर खोगीर घालून गथला जातो, दासांना घेऊन परत येतो, मग कोणीतरी ही बातमी राजाला सांगतो, राजा त्याला बोलावून जाब विचारतो आणि त्यानंतर त्याचा वध होतो. तो त्या ‘दिवशी’ मेलेला नाही, तरी राजाचे शब्द खोटे ठरले असे लेखकाला वाटत नाही. ‘ज्या दिवशी’ आणि ‘खास मरशील’ ही शिक्षेची भाषा आहे: अपराध घडताच तू मृत्युदंडाला पात्र होशील. एदेनमध्ये त्याच शब्दांत आज्ञा होते. तेथे शिक्षा लांबते, आणि ज्याने ती फर्मावली तोच त्या दोघांना कातड्याची वस्त्रे करून नेसवतो. तिसऱ्या अध्यायातील हे वचन घाईने ओलांडू नये.

हाबेलाचे अर्पण स्वीकारले आणि काइनाचे का नाकारले?

कारण दिलेले नाही. हाबेलाने कळपातील प्रथम जन्मलेल्यांपैकी व त्यांच्या चरबीपैकी आणले, काइनाने नुसते ‘जमिनीच्या उपजातले काही’, असा सूक्ष्म फरक मात्र दिसतो. नव्या करारातील इब्री लोकांस पत्र हाबेलाच्या विश्वासाकडे बोट दाखवते.

त्याहून मोठे कोडे पुढच्या वचनात आहे. प्रचलित हिब्रू पाठात ४:८ असे आहे: काइन आपला भाऊ हाबेल याला म्हणाला; आणि ते शेतात असताना काइन त्याच्यावर उठला. काय म्हणाला, ते नाहीच. शोमरोनी तोरा (शोमरोनी समाजाने जपलेला पहिल्या पाच पुस्तकांचा हिब्रू पाठ), प्राचीन ग्रीक भाषांतर सेप्टुअजिंट, आणि सिरियाक व लॅटिन भाषांतरे यांत ‘चल, आपण शेतात जाऊ’ हे वाक्य आहे. नक्कल करताना ते गळाले असावे, असे बहुसंख्य पाठचिकित्सक मानतात. मिद्राशाने ती रिकामी जागा वादाने भरली: कोणी म्हणे भाऊ जगाची वाटणी करत होते, कोणी म्हणे मंदिर कोणाच्या हद्दीत व्हावे यावर भांडत होते.

काइनाची बायको कोण होती?

बहुधा या अध्यायांबद्दल सर्वांत अधिक विचारला जाणारा हाच प्रश्न असावा. उत्पत्ती ५:४ नुसार आदामाला आणखी मुलगे व मुली झाल्या, म्हणून परंपरेने काइनाची पत्नी ही त्याची बहीण मानली. जुबिलींचे पुस्तक तिचे नाव आवान असे देते. पण अडचण बायकोपुरती नाही. काइन देवाला म्हणतो, जो कोणी मला भेटेल तो मला मारून टाकील. हा ‘जो कोणी’ कोण? पुढे तो एक नगर बांधतो आणि मुलाच्या नावावरून त्याला हनोख म्हणतो. तीन-चार माणसांच्या जगात नगर कशाला?

१६५५ साली आयझॅक ला पेरेर या फ्रेंच लेखकाने यावरून असा निष्कर्ष छापला की आदामाच्या आधीही माणसे होती आणि आदाम हा केवळ ज्यूंचा पूर्वज. पुस्तक पॅरिसमध्ये जाळले गेले, पुढच्या वर्षी लेखकाला अटक झाली आणि रोममध्ये त्याला आपले मत मागे घ्यावे लागले. आज अनेक अभ्यासकांना असे वाटते की काइनाची कथा मुळात माणसांनी गजबजलेल्या जगात घडणारी स्वतंत्र कथा होती आणि ती नंतर आदामाच्या कुटुंबात आणून बसवली. मला हे उत्तर बहिणीच्या उत्तरापेक्षा प्रामाणिक वाटते, कारण ते बायको, भय आणि नगर या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार करते.

भावाला मारणाऱ्या काइनावर देवाने जी खूण ठेवली तिच्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ती खूण त्याचे रक्षण करण्यासाठी होती. अमेरिकेत गुलामगिरीचे समर्थन करताना तिला काळ्या वर्णाशी जोडले गेले; मजकुरात त्वचेचा उल्लेखही नाही.

मराठीत या कथा कधीपासून सांगितल्या जातात?

निदान सतराव्या शतकापासून. गोव्यात साष्टीत राहिलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले आणि त्याच्या पहिल्या भागात सृष्टीची निर्मिती व आदामाची कथा आहे. कोकणातील मराठीभाषक ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिब्रू ग्रंथांतील आख्याने मराठी कीर्तनांतून मांडली. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

मथुशलह खरोखर ९६९ वर्षे जगला का?

वर्षे म्हणजे महिने समजावे, ही तोड चालत नाही. ९६९ महिन्यांची सुमारे ८१ वर्षे होतात खरी, पण मग पासष्टाव्या वर्षी पिता झालेला मथुशलहाचा बाप हनोख (काइनाच्या मुलाहून वेगळा) साडेपाच वर्षांचा असताना बाप झाला असे मानावे लागेल.

आकडे तपासले तर तीन प्राचीन पाठ तीन हिशेब देतात. आदामापासून जलप्रलयापर्यंत प्रचलित हिब्रू पाठात १६५६ वर्षे, शोमरोनी तोरात १३०७ आणि सेप्टुअजिंटमध्ये २२४२ होतात. मथुशलहाचेच उदाहरण घेऊ. हिब्रू पाठात १८७ व्या वर्षी त्याला लामेख झाला, लामेखाला १८२ व्या वर्षी नोहा झाला आणि नोहाच्या ६०० व्या वर्षी जलप्रलय आला. बेरीज ९६९, म्हणजे तो प्रलयाच्याच वर्षी मेला. सेप्टुअजिंटच्या आकड्यांनी मात्र तो प्रलयानंतरही १४ वर्षे जगतो, आणि तारवात तर तो नव्हता. चौथ्या-पाचव्या शतकांत ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन याला या प्रश्नाची दखल घ्यावी लागली. आकडे नकलाकारांनी विचारपूर्वक फिरवले, हे यातून दिसते; कोणता संच मूळचा, यावर एकमत नाही. याच आकड्यांवरून ज्यू पंचांगाची गणना इसवी सनपूर्व ३७६१ पासून सुरू होते, आणि आर्चबिशप अशर याने १६५० साली निर्मितीचे वर्ष इसवी सनपूर्व ४००४ असे काढले.

सुमेरी राजावलीशेजारी, म्हणजे प्राचीन सुमेरच्या राजांच्या यादीशेजारी, ही यादी ठेवून पाहावी. तेथे एरिदूचा अलुलिम २८,८०० वर्षे राज्य करतो आणि आठ राजांची २,४१,२०० वर्षे झाल्यावर पूर येतो. प्रलयाआधीच्या लोकांना अफाट आयुष्य देणे हा त्या भूप्रदेशाचा संकेत होता. उत्पत्तीत दोन बदल दिसतात: ते राजे नाहीत, साधे बाप आहेत, आणि कोणीही हजाराला पोहोचत नाही. हनोखाचा अपवाद सोडला तर प्रत्येकाची नोंद ‘आणि तो मरण पावला’ या शब्दांनीच बंद होते.

‘देवपुत्र’ आणि ‘नेफिलीम’ कोण होते?

सहाव्या अध्यायाची पहिली चार वचने या सर्व मजकुरातील सर्वांत गूढ आहेत. देवपुत्रांनी मानवकन्या पाहिल्या, त्या सुंदर होत्या, त्यांच्यापैकी आवडतील त्या त्यांनी बायका केल्या. त्या दिवसांत पृथ्वीवर नेफिलीम होते. सर्वांत जुने वाचन असे की हे स्वर्गातून उतरलेले दूत होत. हनोखाच्या नावावरील प्राचीन ग्रंथात ही कथा विस्ताराने आहे, आणि त्या ग्रंथाचे अरामी तुकडे मृत समुद्राजवळच्या कुम्रानच्या गुहांत सापडले आहेत. राशी हे न्यायाधीश व सरदार यांचे पुत्र म्हणतो. ऑगस्टीनच्या मते शेथाच्या (आदामाच्या तिसऱ्या मुलाच्या) वंशातील धार्मिक पुरुषांनी काइनाच्या वंशातील स्त्रियांशी लग्ने केली. ईयोबाच्या पुस्तकात ‘देवपुत्र’ हा शब्द स्वर्गीय जनांसाठीच येतो, म्हणून पहिले वाचन भाषेच्या दृष्टीने बळकट आहे. पुढच्या दोन वाचनांमागे दूत आणि स्त्रियांचा समागम मान्य करण्याचा संकोच दिसतो.

नेफिलीम मुळात त्या संबंधातून जन्मले असेही वचन सरळ म्हणत नाही. ‘त्या दिवसांत होते, आणि त्यानंतरही’ असे म्हणते. हे ‘त्यानंतरही’ पुन्हा अडचणीचे आहे, कारण जलप्रलयात सगळेच बुडाले. गणना या पुस्तकात (१३:३३) कनान देश पाहून आलेले इस्राएली हेर सांगतात की आम्ही तेथे नेफिलीम पाहिले आणि त्यांच्यापुढे आम्ही टोळांसारखे होतो. प्रलयातून कोणी महाकाय वाचला होता का, याचा शोध ताल्मुदाने घेतला आणि बाशानाचा राजा ओग वाचल्याचे सांगितले. पण गणनाच्या त्याच अध्यायात आदल्या वचनात त्या हेरांनी देशाविषयी अनिष्ट बातमी पसरवली असे म्हटले आहे. लढायला घाबरलेल्या माणसांच्या तोंडचे ते वर्णन आहे, आणि तेथील नेफिलीम त्यांच्या भीतीतून आले असावेत.